जंत आणि चांदी

नेरे गावाच्या रस्त्यावर वल्लरीची स्कूटर वासरांच्या कळपाने अडवली. भाद्रपदातली भुरभुर पडत होती. वासरांमागे त्यांचा मालक अविनाश, एक उंच तरुण, हसत उभा होता.

"हॉर्न नका वाजवू मॅडम, लाजतात ती."

"आणि तुम्ही?"

"मी... सहसा नाय."

वल्लरी जनावरांची डॉक्टर. तिची नजर वासरांवर गेली. केस राठ, एकीच्या तर जबड्याखाली सूज. "जंत झालेत यांना."

"औषध पाजतो की," अविनाश म्हणाला. "कायम तेच. आधी लगेच गुण यायचा..."

"तेच तेच पाजून जंत निगरगट्ट झालेत. त्या औषधाने आता मरत नाहीत."

मग ती शेण तपासायला गोठ्यावर येऊ लागली. तो तिच्या हातांसाठी गरम पाणी ठेवू लागला.

"एवढ्या लांबून शेण बघायला येता?"

"हो. शेणच बघते मी."

"कधीतरी वर पन बघा..."

तिने वर बघितलं.

सुजलेल्या जबड्याची चांदी त्याची लाडकी. एका सकाळी वल्लरी सलाईन लावत असतानाच चांदीने जीव सोडला. अविनाश चांदीच्या कपाळावरून नुसता हात फिरवत राहिला. वल्लरीने दोन वासरांना वेगळं औषध पाजलं होतं. पण खात्री होईपर्यंत त्याला आशा लावायची नाही, असं तिने ठरवलं. तोंड दाखवायचाही धीर होईना. पुढचे दोन आठवडे ती गोठ्यावर आलीच नाही.

तपासणीत त्या दोन वासरांच्या शेणात जंतांची अंडी दिसली नाहीत, तशी ती बाकीच्यांसाठी औषध घेऊन निघाली. गोठा रिकामा होता.

"काल व्यापारी घेऊन गेला," अविनाश म्हणाला. "आणखी एक मरताना बघवलं नसतं. मला वाटलं, तुमी पन हात टेकले."

"औषध लागू पडलंय, अविनाश..."

तो गव्हाणीवर बसला. "मग सांगायचं ना. नुसतं येऊन बसला असतात, तरी थांबलो असतो."

"मी फक्त वासरांसाठी येत नव्हते—"

"म्हाईत हाय," तो हलकेच म्हणाला. "मी पन त्यांच्यासाठी वाट नव्हतो बघत."

त्याने व्यापाऱ्याला फोन लावला. वासरं सकाळीच बाजारात वेगवेगळ्या लोकांना विकली गेली होती.

पुढे तो कळंबोलीला लोखंडाच्या बाजारात कामाला लागला. तिथे ते अधूनमधून चहाला भेटत. चांदीचं नाव दोघंही टाळत. आणि टाळता टाळता बाकीचंही बोलायचं राहून गेलं.