अक्काच्या टीव्हीतला लाल

त्या दिवशी सोल्डरची तार संपली म्हणून दुपारी बाजारात गेलो होतो. एवढंच काम. तार घेतली, दुकानदाराशी भांडलो, कारण तार वर्षागणिक बारीक होत चाललीय आणि तो कबूल करत नाही. साडेचारच्या सुमाराला परत आलो तर जिन्यात भाची उभी. पायाशी चादरीत गुंडाळलेलं मोठं ओझं. चादर ओळखली. आत काय आहे ते गाठ न सोडताच कळलं.

मी शिकलेला माणूस नाही. चौथीत दोनदा बसलो, मग बसायचंच सोडलं. जन्मभर लोकांचे टीव्ही दुरुस्त केले. हात रिकामे राहवेनात म्हणून म्हातारपणी जुने रंगीत टीव्ही जमवायला लागलो. लाकडी पेटीचे, पितळी बटणांचे, दोघांनी उचलावे असे. मागच्या खोलीत सतरा आहेत. बायको होती तेव्हा म्हणायची, "मी मेले की मलाही एखाद्या पेटीत बसवा, म्हणजे रोज फडकं तरी माराल." तेव्हा हसायचो.

त्या सतरांत एक माझा लाडका. रंगीत टीव्ही नवे नवे आले तेव्हाचा. पण बारा वर्षं तो आंधळा पडून होता, कारण त्याची पिक्चर ट्यूब मेलेली. ट्यूब म्हणजे समोरची काच आणि तिच्यामागची लांब मान. मानेत काचेवर रंग फेकणाऱ्या तीन गन असतात, लाल, हिरवी, निळी. त्या मापाची ट्यूब आता कुणी बनवत नाही. मी जंग जंग पछाडलं. आणि मला ठाऊक होतं की तसलीच एक ठणठणीत ट्यूब एका घरात रोज संध्याकाळी चालते. अक्काच्या घरात. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या.

सहा वर्षांपूर्वी मी तिला म्हटलं, "अक्का, टीव्ही साफ करून आणतो." तिची ट्यूब काढून लाडक्यात बसवली. तिच्या टीव्हीत भंगारातली घातली, लाल गन मेलेली. माणसांची तोंडं त्यात शेवाळ धरल्यासारखी दिसायची. मला वाटलं, म्हातारीला काय कळणार.

कळलं. अक्का शिवणकाम करायची. कापडाला दोरा जुळवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. लाल दोऱ्याची तीस रिळं समोर असली तरी बघितल्यासरशी नेमकं एक उचलायची. पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "अरे, ह्यातला लाल कुठे गेला?"

मी म्हणालो, "टीव्ही चांगला आहे. तुझे डोळे गेले, अक्का."

"पण दोरा तर मला नीट दिसतो रे..."

"आधी लांबचा रंग जातो. मग जवळचा. हळूहळू."

हे मी ठरवूनही गेलो नव्हतो. गिऱ्हाइकांना थापा मारून तयार झालेली जीभ, आपोआप चालली. आणि तिने विश्वास ठेवला. यंत्रातलं आणि रंगातलं तिच्या लेखी मलाच कळायचं. महिनाभरात ती कापडं परत पाठवायला लागली. कुणाच्या कपड्याला चुकीचा दोरा लागायला नको म्हणून. वर्षभरात मशीनवर चादर पडली. मी तिच्याकडे जायचो, जेवायचो, त्या चादरीकडे बघायचो, तोंड पुसायचो, निघून यायचो. इकडे जमवाजमव करणारे इतर म्हातारे येऊन लाडक्यातल्या लालची वाहवा करायचे. मी मान डोलवायचो.

गेल्या महिन्यात अक्का गेली. आणि जिन्यात ते ओझं होतं, मशीनवरच्या त्याच चादरीत.

आम्ही दोघांनी ते आत नेलं. भाची स्टुलावर बसली. घाम पुसत म्हणाली, "मामा, परवा आईचा टीव्ही लावला. मलाही लाल दिसत नाही. पोरीला विचारलं, तिलाही नाही."

मी गाठ सोडत होतो. चादरीला मशीनच्या तेलाचा वास होता.

"मामा, आईचे डोळे चांगले होते ना हो?"

एवढंच विचारलं तिने. आवाज चढवला नाही. हो म्हणायचं होतं. एक अक्षर.

"ट्यूब आत्ता गेली असेल," मी म्हणालो. "पडून राहिली की जाते. तेव्हा चांगली होती."

तेवढ्यात शिट्टी वाजायला लागली.

जुना टीव्ही चालू असला की आतल्या ट्रान्सफॉर्मरची एक बारीक शिट्टी असते. सुईसारखी. लहान पोरांना गल्लीतूनही ऐकू येते. वय वाढलं की तेवढा बारीक आवाज कानाला कळेनासा होतो. मला वीस वर्षांत ऐकू आलेली नव्हती. आणि आता येत होती, मागच्या खोलीच्या पडद्यामागून, जिथे माझा लाडका झाकून ठेवलेला होता.

"तुला शिट्टी ऐकू येतेय?"

"कसली?" ती मान वाकडी करून ऐकत राहिली. मग उठली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कान गेले तुमचे, मामा. वय झालं."

तिने कुचकटपणे म्हटलं नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

ती गेल्यावर मी पडदा सारला. लाडक्याचा प्लग भिंतीवर खिळ्याला टांगलेला. मी मेन स्विचही पाडला. उजेड उतरायला लागला होता आणि सतरा काळ्या काचांतून मी सतरा वेळा वाकडातिकडा दिसत होतो. शिट्टी थांबली नाही. काचेजवळ हात नेला तर हातावरचे केस उभे राहिले. चालू टीव्हीच्या काचेपाशी राहतात तसे. तापलेल्या धुळीचा वास आला, आणि त्याच्याखाली मशीनच्या तेलाचा.

मग काचेच्या डाव्या कडेला एक लाल ठिपका उमटला. पुढे सरकला. आडवी रेघ, मग थोडी मोकळी जागा, मग रेघ, मग जागा. बिघडलेल्या टीव्हीत आडवी रेघ येते, जन्मभर बघितलीय. पण ती सलग असते. अशी टाके घातल्यासारखी येत नाही. एकेक टाका सावकाश उजव्या कडेपर्यंत गेला... थांबला. पुन्हा डावीकडून सुरू झाला.

"अक्का..." मी म्हणालो. माझाच आवाज मला परका वाटला.

टाका मधेच थांबला. मी पुढे बोलेन म्हणून कुणी हात थांबवावा तसा. मी बोललो नाही. टाका पुन्हा चालू झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ट्यूब काढायला बसलो. ट्यूबची एक खोड असते. टीव्ही बंद झाला, प्लग काढला, तरी ती आत वीज धरून ठेवते, कधीकधी कित्येक दिवस. म्हणून हात लावण्याआधी वायर बांधलेला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ती उतरवायची. फट्ट करून ठिणगी पडते. एकदा, फार तर दोनदा. मी सात वेळा उतरवली. सातही वेळा तेवढीच मोठी ठिणगी. आठव्यांदा वैतागून म्हटलं, मर, काय व्हायचं ते होऊ दे, आणि उघडा हात घातला. झटका छातीपर्यंत आला. त्यानंतर ट्यूब गार पडली. शिट्टी मात्र अंगाला चिकटल्यासारखी माझ्यामागून स्वयंपाकघरात आली, गॅलरीत आली, उशीवरही आली.

तीन दिवसांत अक्काची ट्यूब अक्काच्या टीव्हीत परत बसली. लाल आला. डाळिंबाच्या दाण्यासारखा.

भाची न्यायला आली तेव्हा सगळं सांगायचं ठरवलं होतं. तिने चालू टीव्ही बघितला आणि पदर तोंडाला लावला. "कुठून आणलीत हो ट्यूब?"

"मिळाली एक. नशिबाने."

"आई म्हणायचीच. माझा भाऊ आहे तोवर मला काळजी नाही."

आणि मी ते ऐकून घेतलं. चहा पाजला तिला. लाज काय असते ते मला त्या चहाच्या घोटांत कळलं. तिने टीव्ही नेला, पण शिट्टी राहिली.

पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी सकाळी उठून तिच्या घरी गेलो. बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा थाप मारली असती. उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ट्यूब, थाप, आधी लांबचा रंग जातो, सगळं. ती भाजी निवडत होती. हात थांबले ते थांबलेच.

मग म्हणाली, "शेवटी शेवटी आई मला रोज विचारायची. हा माझा पदर कुठल्या रंगाचा आहे गं? मी सांगायचे, लाल. तर म्हणायची, असं का? दिसतोय मलाही लालच, पण मला वाटलं, तो भासच असेल."

तिने भाजीचं ताट बाजूला सारलं.

"निघा आता, मामा."

मी दाराकडे वळलो आणि तेव्हा ध्यानात आलं, शिट्टी थांबली होती. कान स्वच्छ. रस्त्यावरची सायकलची घंटासुद्धा नीट ऐकू आली. मला वाटलं, सुटलो. खरं सांगतो, त्या पोरीच्या दारात उभा राहून, तिच्या आईचं वाटोळं केल्याचं नुकतंच सांगून, मला सुटल्याचा आनंद झाला. असा मी माणूस.

दार लावायला ती मागे आली. दोन पावलांवर थबकली. मान वाकडी केली.

"मामा... त्या दिवशी शिट्टी म्हणालात, ती कशी असते?"

"बारीक. सुईसारखी. का?"

ती माझ्याकडे बघत राहिली, चेहऱ्याकडे नाही, छातीकडे. मी तिच्या हाताकडे बघितलं. कोपरापासून मनगटापर्यंत एकूणएक केस उभे होते, माझ्या दिशेने वाकलेले. मी एक पाऊल मागे सरलो. केस बसले. चपलेसाठी पुढे वाकलो. पुन्हा उभे राहिले.

"चप्पल मी सरकवते," ती हळूच म्हणाली. "तुम्ही... तिथेच थांबा."