सांधकाने जोडलेलं वाक्य

सकाळी साडेनऊला एस्तेर सिस्टरांच्या कानामागे सांधक चिकटवताना सुनेत्रा मगदूमच्या लक्षात आलं, की आज सिस्टर मान पुढे करत नाहीयेत. एरवी वेणी घालून घ्यायला बसलेल्या पोरीसारखी त्या मान द्यायच्या.

"काय सिस्टर, रुसलात होय?"

सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या.

सुनेत्रा वाचोपचार करायची. पक्षाघाताच्या झटक्यानंतर ज्यांची वाचा जाते त्यांना ती पुन्हा बोलायला शिकवायची, मिरजेतल्या याच दवाखान्यात, गेली अठरा वर्षं. एस्तेर सातपुते इथल्याच, निवृत्त वॉर्ड इन्चार्ज. सात महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलण्यातलं भलतंच काहीतरी गेलं. वस्तूंची, माणसांची नावं राहिली. घडून गेलेल्या गोष्टींची क्रियापदंही राहिली. गेले ते त्यांना एकमेकांत अडकवणारे शब्द: आणि, पण, म्हणून, कारण. घरातलं सगळं सामान जागेवर आणि दारांच्या बिजागऱ्या तेवढ्या चोरीला, असा प्रकार.

सांधक त्या बिजागऱ्या पुरवायचा. नखाएवढी चकती. रुग्णाचे सुटे शब्द ऐकायची, घशाच्या स्नायूंची हालचाल वाचायची, मधला सांधा काय असेल याचा अंदाज बांधायची आणि अख्खं वाक्य बोलायची. तेही एस्तेर सिस्टरांच्याच आवाजात. नर्सिंगच्या मुलींना त्यांनी दिलेल्या लेक्चर्सच्या रेकॉर्डिंगवरून तो आवाज घडवला होता. अडचण एकच. सांधकाला इंग्रजीच येत होतं. दुकानातलं, फोनवरचं, नवरा-बायकोच्या भांडणातलं, असं रोजच्या इंग्रजीचं कोट्यवधी तासांचं बोलणं त्याला पाजलेलं होतं. मराठी पुढच्या वर्षी येणार, असं कंपनी चार वर्षं सांगत होती. त्यामुळे जन्मभर मराठीत भांडलेल्या सिस्टरांना आणि त्यांच्या लेकीला आता इंग्रजीत भागवावं लागत होतं.

पंधरा दिवसांची चाचणी आज संपत होती. 'हे बोलणं रुग्णाचं स्वतःचं आहे' या ओळीखाली सुनेत्राने सही केली, की उद्या चकती कायमची कातडीखाली बसणार होती.

दार ढकलून रूथ आली. सिस्टरांची एकुलती एक लेक. हातात चाकांची बॅग.

"मॅडम, अकराची गाडी आहे माझी. आईला सांभाळणारी बाई बघितलीय, तिचा नंबर देते. मी परत यायची नाही."

"अगं, पण झालं काय?"

रूथने मोबाइल टेबलावर ठेवला आणि कालचं रेकॉर्डिंग लावलं. सिस्टरांचा जुना, खणखणीत आवाज खोलीत घुमला. डेव्हिड कॉल्ड बिकॉज ही हॅड पेन, बट आय वेंट टू ड्यूटी, अँड सो ही डाइड.

सिस्टर खिडकीबाहेरच बघत होत्या.

"अकरा वर्षं झाली बाबांना जाऊन," रूथ म्हणाली. "मला एवढंच सांगितलं होतं, की झोपेत गेले. काल सहज विषय निघाला. छातीत दुखत होतं, बोलवत होते, आणि ही बाई कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून ड्यूटीवर गेली. आम्ही राहायचो ते क्वार्टर वॉर्डापासून तीन मिनिटांवर आहे मॅडम. तीन!"

"थांब जरा. यातलं सांधकाने किती घातलंय ते बघू."

सुनेत्राने संगणकावर कालची नोंद उघडली. सिस्टरांच्या तोंडून निघालेले शब्द काळ्या अक्षरांत होते, चकतीने भरलेले निळ्या. काळे शब्द सहाच होते. डेव्हिड. पेन. वेंट. ड्यूटी. कॉल्ड. डाइड. क्रमसुद्धा तो नव्हता.

"बघ. 'कॉल्ड' नंतर आलंय. 'बट', 'सो', 'बिकॉज' सगळं चकतीचं. लोक अशा गोष्टी साधारण कशा सांगतात त्यावरून तिने जोडलंय."

"मी विचारलं ना मग! असंच झालं का आई, म्हटलं. दोनदा विचारलं. तिने दोनदा हो म्हणून मान हलवली."

मान हलवली म्हणजे खरं, यावर तर पंधरा दिवसांची चाचणी उभी होती.

खात्री करून बघायला सुनेत्राने वॉर्डातल्या मावशींना हाक मारली. सकाळी सिस्टरांच्या खोलीत कप फुटला होता, एवढं तिला माहीत होतं.

"मावशी, कप कसा फुटला?"

"माझं कोपर लागलं की हो. सिस्टरांनी बघितलं बी."

सुनेत्रा सिस्टरांकडे वळली. "सिस्टर, सकाळी काय झालं?"

"टी," सिस्टर म्हणाल्या. मग थांबून, "क्रो. केम. कप. फेल."

द क्रो केम, सो द कप फेल, असं चकती तत्काळ म्हणाली.

"असंच झालं?"

सिस्टरांनी मावशींकडे एकदा बघितलं आणि मान हलवली.

"या बया," मावशी म्हणाल्या, "कावळ्यावर घातलं की!"

"बघितलंस?" सुनेत्राला सुटल्यासारखं वाटलं आणि भीतीही वाटली. "स्वतःच्याच आवाजात इतकं सफाईदार वाक्य कानावर पडलं, की पेशंट कशालाही हो म्हणतो. कालचं खरं धरू नकोस."

"मग खरं काय, ते कोण सांगणार?" रूथने घड्याळाकडे बघितलं. "दहाला दहा कमी आहेत."

सुनेत्रा सहा काळ्या शब्दांकडे बघत राहिली. पेन. वेंट. कॉल्ड. असं तुटक इंग्रजी तिने कुठेतरी पुष्कळ वाचलं होतं. आणि कुठे ते आठवल्यावर तिचं तिलाच हसू आलं. वॉर्डात! पेशंटच्या पलंगाच्या पायथ्याशी लटकवलेल्या प्रत्येक रिपोर्टात. कम्प्लेन्ड ऑफ पेन. इन्फॉर्म्ड डॉक्टर. इंजेक्शन गिव्हन. स्लेप्ट. छत्तीस वर्षं ही बाई असंच लिहीत होती. तिने रूथला तसं सांगितलं.

"सगळ्या पोरींना सांगायची ती," रूथ नाइलाजाने म्हणाली. "का झालं ते लिहू नका, ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही वेळ लिहा आणि काय झालं ते लिहा. माझ्या तापाचीसुद्धा अशीच वही ठेवलेली. खोटी नोंद केली म्हणून एका मुलीला हिने वॉर्डातून काढलं होतं."

सुनेत्राने चकती उतरवली. मावशींकडून रिपोर्टाचा कोरा कागद मागवला, वेळेच्या रकान्याचा. तो पॅडवर लावून सिस्टरांसमोर ठेवला आणि त्यांच्या डाव्या हातात पेन दिलं.

"सिस्टर, डेव्हिडसाहेब गेले त्या दिवसाचा रिपोर्ट लिहा. दुपारपासून."

सिस्टरांनी कागदाकडे बघितलं आणि पाठ ताठ केली. सात महिन्यांत सुनेत्राने त्यांना अशा बसलेल्या बघितल्या नव्हत्या. अक्षरं वाकडी येत होती, पण वेळा न अडखळता येत होत्या. सुनेत्रा शेजारी उभं राहून वाचून दाखवत होती. रूथ पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होती.

"एक वीस. डेव्हिड. पेन. एक पंचवीस. पल्स, बीपी. दोन्ही नॉर्मल लिहिलंय. एक तीस. टॅब्लेट गिव्हन. एक चाळीस. टोल्ड डॉक्टर. एक पन्नास. स्लेप्ट. एक पंचावन्न. पल्स. परत नॉर्मल. दोन. वेंट. ड्यूटी."

रूथने बॅगेची मूठ सोडली.

"म्हणजे ते झोपले होते? डॉक्टरांना सांगितलं होतं तिने?"

"दोनदा नाडी बघून मग गेल्यात."

"हे कधी बोलली नाही!" रूथ आईकडे वळली. "आई, हे का नाही बोललीस गं? अकरा वर्षं! आणि मी पुण्यात, मला सांगणारं कोणी नाही. त्या आठवड्यात तर बाबांशी माझं भांडण झालेलं. नर्सिंग सोडते म्हटल्यावरून. त्यांचा नंबरच ब्लॉक केला होता मी. म्हटलं, करू देत फोन, कळू देत त्यांना."

सिस्टरांचं पेन थांबलं.

मग त्यांनी वेळ लिहिली. ४.१०. पुढे डेव्हिड. पुढे कॉल्ड. हात सवयीने पुढे सरकला आणि आणखी एक शब्द उमटला. तो पुरा झाल्यावर सिस्टरांना दिसला. त्यांनी मान वर करून लेकीकडे बघितलं, घाईने पेन टेकवलं आणि त्या शब्दावरून रेघ ओढली. एकच, आडवी. आणि बाजूला आपली आद्याक्षरं टाकली.

रिपोर्टातली चूक अशीच दुरुस्त करायची असते. गिरबटायचं नाही. खालचं वाचता आलं पाहिजे, आणि रेघ कोणी ओढली तेही कळलं पाहिजे. छत्तीस वर्षांच्या सवयीला दुसरं येतच नव्हतं.

रेघेखाली रूथ असं लिहिलेलं होतं.

त्याच्याखालच्या ओळी सुनेत्राने डोळ्यांनीच वाचल्या. ४.१२, कॉल्ड. ४.२०, कॉल्ड. ८.४०, वेंट होम. डेव्हिड कोल्ड, म्हणजे अंग गार पडलेलं. सॉ फोन.

माणूस गेल्यावर या बाईने त्याचा मोबाइल उघडला होता, शेवटचे तिन्ही फोन रूथला लावलेले बघितले होते, आणि मग लेकीला कळवलं होतं की झोपेत गेले. सुनेत्राचा तळहात आपोआप कागदावर गेला. सकाळच्या कपाचा अर्थही तिला आत्ता लागला. मावशींच्या चुकीचं खापर सिस्टरांनी भुलून कावळ्यावर फोडलं नव्हतं, मावशींना वाचवायला मुद्दाम फोडलं होतं. आणि कालच्या दोन्ही वेळची मानही भुलून हललेली नव्हती. चकतीने चुकून एक वाक्य जोडलं, त्यात सगळा दोष आईवर येत होता. आईने ते ठेवून घेतलं.

"चार दहाला काय?" रूथने विचारलं. "मॅडम, वाचा ना. कॉल्ड म्हणजे कोणाला फोन केला बाबांनी?"

सिस्टर डाव्या हाताने कानामागे बोट दाखवत होत्या. चकती. चकती द्या. सुनेत्राने एका हाताने ती चिकटवली, दुसरा कागदावरून उचलला नाही.

"डेव्हिड," सिस्टर म्हणाल्या. "कॉल्ड. मी."

चकतीचा हिरवा दिवा लुकलुकला. ती अंदाज बांधायला लागली. पण सिस्टरांनी तिला वेळच दिला नाही. ओठ आवळून, गळ्याच्या शिरा ताणून, सात महिने न सापडलेला शब्द त्यांनी कुठून तरी ओढून काढला.

"बट... आय... वेंट नॉट."

संगणकावर वाक्य उमटलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत काळं. निळं अक्षर एकही नाही.

रूथ पडद्याकडे बघत राहिली. तिने या पंधरा दिवसांत काळा-निळा एवढा भेद शिकून घेतला होता.

"आता तर मशीनने नाही ना घातलं?" ती हळू आवाजात म्हणाली. "आता ती स्वतः म्हणाली. बाबांनी तिला फोन केला होता. ती गेली नाही." तिने बॅग उचलली आणि मोकळा हात पुढे केला. "तो कागद द्या, मॅडम. माझ्या बाबांचा शेवटचा दिवस आहे तो. माझ्याजवळ असू दे."

सिस्टर सुनेत्राकडे बघत होत्या. नव्या नर्सने काही चुकीचं करायच्या आत वॉर्ड इन्चार्ज तिच्याकडे बघते, तसं.

सुनेत्राचं काम लोकांना त्यांचं स्वतःचं बोलणं परत मिळवून देण्याचं. या बाईचं ते आत्ता, पडद्यावर, तिच्यासमोर होतं. अख्खं, सांध्यासकट, पूर्णपणे तिचं. फक्त ते खरं नव्हतं. खरं होतं ते कागदावर, एका रेघेखाली. ते वाचलं तर लेक आईजवळ राहील. आणि मग चार वाजून दहा मिनिटं झालेली एक दुपार त्या लेकीला रोज सोसावी लागेल.

रूथने कागदाचा कोपरा धरला.

तळहात उचलायचा, की दाबून धरायचा?