चार बोटं पाणी

चाकूरच्या स्टँडवर मी कंट्रोलरला एस.टी.ची वेळ विचारत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "घेऊ का जरा?" आणि मी वळेपर्यंत माझ्या पिशवीतली बाटली अर्धी रिकामी झाली होती.

"तुम्ही नमुना प्यालात," मी म्हणाले.

"कसला नमुना?"

"पाण्याचा. सात नंबर. लातूरला तपासायला न्यायचा होता."

त्यानं बाटलीवरची चिठ्ठी आणि खालचं माझं नाव वाचलं. "मग आता... मलाच न्या तपासायला."

त्याच्या हनुवटीवर एक थेंब अडकला होता. रसायनशास्त्राच्या पदवीधर मुलीनं एका थेंबाकडे इतका वेळ बघायचं काही कारण नव्हतं...

साल शहाऐंशी, मे महिना. लातूर जिल्हा होऊन चार वर्षंही झाली नव्हती, आणि सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. नव्या जिल्ह्याच्या प्रयोगशाळेसाठी मी गावोगावचं पाणी गोळा करायची. तो व्यंकट, नायगावचा. नांदेडला समाजशास्त्रात एम.ए. करत होता आणि प्रबंधासाठी आमच्याच गावी, शाळेच्या खोलीत राहायला चालला होता.

"विषय काय?" मी विचारलं.

"गुन्हा."

"आमच्या गावात कोंबडीसुद्धा चोरीला जात नाही."

"मग मी नापास," तो हसला. "गुन्हा नसलेला समाज नसतोच, उमादेवी. गुन्ह्याचंही एक काम असतं. एकाला शिक्षा झाली की बाकीच्यांना कळतं, आपली रेघ कुठाय ते. सगळे जवळ येतात."

"आणि शिक्षा झालेला?"

"तो... त्याचा विचार आमचं शास्त्र कमी करतं."

चारच दिवसांत त्याला गुन्हा मिळाला.

गावात टँकरचं पाणी रांगेनं मिळायचं. रांगेत माणसं नाही, घागरी उभ्या असत. शिवाय एक राखीव हौद होता. टँकर आलाच नाही तर त्याला हात लावायचा, एरवी नाही. आतल्या भिंतीवर चुन्याची रेघ ओढलेली होती. हौद रेघेपर्यंत भरल्यावर आठ दिवसांनी बघितलं, तर पाणी रेघेच्या चार बोटं खाली.

वरच्या आळीचे मलप्पा आणि खालच्या आळीचे शेषेराव निवडणुकीपासून, दोन वर्षं, एकमेकांशी बोलत नव्हते. त्या दिवशी दोघे पंच म्हणून एका पारावर बसले. एकटी राहणारी जगदेवीमावशी भर दुपारी हौदापाशी बसते, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

"सावलीला बसून राहिले होते रे बाबा," ती म्हणाली. "माझ्या घराला पत्रा हाय. भाजून निघते मी."

तिची घागर रांगेतून काढून पारावर पालथी ठेवली. पालथ्या घागरीला आमच्याकडे कुणी पाणी देत नाही. मावशी दोन कोसांवरच्या डोहाला जाऊ लागली. आणि दोन्ही आळ्यांनी मिळून नवी विहीर खणायला घेतली.

"बघितलंस?" व्यंकटचे डोळे चमकत होते. "पुस्तकात वाचलेलं समोर घडतंय!"

"चोरीला पुरावा काय?"

"चार बोटं."

"चार बोटं पाणी गेलं, हा पुरावा. कुणी नेलं, हा नाही. तो हौद उघडा आहे, व्यंकट. मे महिना आहे."

मी गच्चीवर दोन सारखी पातेली भरून ठेवली. एकावर ताट झाकलं, एक उघडं ठेवलं. दोन्हींत चुन्याची रेघ. माझे वडील, आप्पा, ओरडले, "खुळी झालीस का? पाणी काय वाळत घालतेस?" ते माझ्या आंघोळीचं पाणी होतं, म्हणून गप्प बसले.

व्यंकट रोज संध्याकाळी मोजायला यायचा. मुद्दाम पट्टी विसरायचा.

"बोटानं मोजू," तो म्हणायचा. "तुझं एक, माझं एक..."

"तुमची बोटं जाड आहेत. चूक येईल."

"मग दोन्ही तुझीच. मी नुसता धरतो."

आठ संध्याकाळी... पातेल्यातलं पाणी खाली जात होतं आणि माझ्यात काहीतरी वर चढत होतं. आठव्या दिवशी झाकलेलं पातेलं रेघेला टेकलेलं होतं. उघडं बरोबर चार बोटं खाली.

"चोर नव्हताच," मी म्हणाले. "उद्या चावडीवर सांगायचं. तुम्ही साक्षीला."

त्यानं माझा ओला हात सोडला नाही. "उमा, माझ्याशी लग्न करशील?"

मी हो म्हणणार होते. ओठांवर आलंच होतं...

"पण हे गावाला सांगू नकोस," तो म्हणाला. "विहीर अर्धी झालीय. चोर नाही म्हटलं तर उद्या दोन आळ्या पुन्हा वेगळ्या. तीनशे घरांचं पाणी आहे, उमा. आणि एका बाईची घागर."

"एका बाईची घागर म्हणजे किती लिटर?"

त्यानं माझा हात सोडला.

"आणि तुमचा प्रबंध?"

"तो पण," तो खाली बघत म्हणाला.

दुसऱ्या सकाळी मी दोन्ही पातेली चावडीवर नेऊन ठेवली. सगळं सांगितलं. मग मलप्पा व्यंकटकडे वळले.

"पाव्हणं, तुमी शिकलेले. रोज मोजायला होता न्हवं?"

व्यंकटनं माझ्याकडे पाहिलं नाही. "होतो... म्हणजे रोज नव्हतो. पक्कं सांगता येणार नाही."

"पातेल्यातलं तर कावळा बी पिऊन जातो की," शेषेराव म्हणाले. लोक हसले. दोन्ही आळ्यांचं हसू एकदम आलं, एका सुरात. "पंचांला खोटं पाडून राहिली पोरगी. हिच्या बापाची, ईश्वरप्पाची घागर बी पालथी ठिवा."

"ठिवा," मलप्पा म्हणाले.

आप्पांनी मान खाली घातली. कोपऱ्यात व्यंकट वहीत काहीतरी लिहीत होता.

त्यानंतर मी मावशीबरोबर डोहाला जाऊ लागले. पहिल्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "कशाला गं लेकी? एकटीचं भागत होतं माझं."

पंधरा दिवसांनी विहिरीला पाणी लागलं. गुलाल उधळला. व्यंकटचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच मनाला जास्त लागलं.

तो निघाला तेव्हा मी चाकूरच्या स्टँडवरच होते. पिशवीत बाटल्या होत्या.

"उमा... मी बोललो ते खोटं नव्हतं. गच्चीवरचं."

"असेल."

"मग कुठं गेलं ते सगळं? कुणी—"

"कुणी नेलं नाही," मी म्हणाले. "उघडं होतं. आटलं."

त्याचे ओठ सुकले होते. नजर बाटल्यांवर गेली. मला दिसलं, आणि मी पिशवीचं तोंड बांधलं.

नांदेडची गाडी लागली. मी उलट्या दिशेला निघाले. डोहाच्या वाटेवर मावशी दोन घागरी घेऊन थांबली होती. एक तिची, एक आमची.