पौलसचा पाय

वात जरा मोठी करा, मग सांगतो.

मालक दिलवरसिंगांनी हौसेनं मुंबईहून आणलेली ती तांबडी दोन आसनी गाडी. अख्ख्या खानदेशात तिला जोड नव्हती, आणि ती चालवायचो मी. एकतीस सालचा उन्हाळा होता. माझ्या बायकोला, सुंदरबाईला, सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. मालक म्हणाले, गाडी घे आणि नवापूरच्या दवाखान्यात ने. देवमाणूस.

पण नेमका क्लच बिघडलेला. पेडलवरचा पाय उचलला की गाडी गचकन उडी मारायची आणि सुंदरबाई पोट धरून ओठ चावायची. पोटातलं बाळ वाचेल की नाही, याच काळजीनं कसाबसा खांडबाऱ्यापर्यंत आलो. तिथे योसेफ मिस्त्रीचं छप्पर होतं. त्यानं सुंदरबाईला बाजेवर निजवलं, मला गाडी थोडी पुढे घ्यायला लावली आणि कान देऊन ऐकलं.

“क्लचनं चामडं सुकी गयं,” तो म्हणाला. “म्हनीसन झटका मारस. तेले एरंडेल पाजनं पडी.”

पायाखालची फळी काढून त्यानं कोमट एरंडेलाची वाटी जवळ घेतली. त्याचे दोन्ही हात आत गुंतले, म्हणून चामडं सुटं व्हावं यासाठी मी क्लचचं पेडल दाबायला पुढे झालो.

“ऱ्हाऊ द्या. पौलस शे ना.” मग रिकाम्या सीटकडे बघून हळूच, “दाब, भाऊ…”

पौलस त्याचा थोरला भाऊ. तोही मिस्त्री. त्याला तर आम्ही मागच्या पावसाळ्यात माती दिली होती.

पेडल खाली गेलं. योसेफ चामड्यावर तेल फिरवत होता तोवर ते तसंच दाबलेलं राहिलं. अंगावर काटा आला, पण खोटं कशाला बोलू, इतकं सुंदर काम मी जन्मात पाहिलं नाही.

फळी बसवून योसेफ हात धुवायला वळला, तोच सुंदरबाई कण्हली. मी तिला उचलून गाडीत बसवलं आणि निघालो. क्लच इतका अलगद सुटला की गाडी हलल्याचं तिला कळलंही नाही. योसेफ हात हलवत मागे धावत होता. वाटी गाडीतच राहिली होती, तीच मागत असेल असं मला वाटलं.

दवाखान्यात कळा थांबल्या. पोरगी पुढे दिवस भरल्यावर झाली, सुखरूप.

दुसऱ्या दिवशी वाटी द्यायला गेलो, तर योसेफ रस्त्याच्या कडेलाच बसलेला.

“काम व्हयनं का तेले ‘घर चाल’ म्हननं पडस,” तो म्हणाला. “तुम्हीन थांबनात नही…”

मी खाली उतरलो. त्यानं गाडीचं दार उघडून धरलं.

“भाऊ… उतर. घर चाल.”

इंजिन बंद होतं. बराच वेळ काही झालं नाही. मग पेडल सावकाश खाली गेलं, निघायच्या आधी मी दाबतो तसं, आणि खालीच राहिलं.

योसेफनं दार हळूच लावून घेतलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. मला मात्र त्याच सीटवर बसून घरी जायचं होतं.