नेटवर्क त्याच्या खिशात होतं

स्टेशनातल्या मोबाइलच्या दुकानात ती इतका वेळ उभी होती, की मागच्या माणसाने अखेर तिच्या खांद्यावरून विचारलं, "यावर परीक्षा आहे का?"

तिने वळून पाहिलं नाही. हातातल्या खोक्यामागची बारीक अक्षरं वाचून व्हायची होती. ती संगणकावर पुस्तकांची पानं लावायची, आणि त्या कामाने तिला एक खोड जडली होती – छापलेलं काही समोर आलं, की शेवटच्या टिंबापर्यंत जाऊन आल्याशिवाय जीव थाऱ्यावर यायचा नाही.

"हे बघ बाळ," दुकानातल्या बाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, "डोंगल असतो तो लॅपटॉपला खुपसायचा. हा राउटर नुसता पर्समध्ये टाकायचा, याचं सिम याच्याच पोटात. आजूबाजूच्या चार जणांना पुरतो. नाहीतर काहीच घेऊ नकोस, फोनचा हॉटस्पॉट लाव."

"माझ्या लॅपटॉपला डोंगलची जागाच नाही."

"मग राउटर घे. एकच उरलाय."

"पण फोन असताना उगीच..."

"तुमचं वाचून झालं असेल तर मी घेऊ का?" मागून पुन्हा तोच आवाज. आता मात्र तिने पाहिलं. विस्कटलेले केस, पायाशी अवजारांची जड पिशवी, आणि चेहऱ्यावर हसू दाबल्याची स्पष्ट खूण.

"घ्या की," ती म्हणाली. "माझं फोनवर भागेल."

गाडी सुटली तेव्हा तो नेमका तिच्या समोरच्या सीटवर होता. दोघांनी एकमेकांना ओळख दिली नाही, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं.

तिने लॅपटॉप उघडला. बाबांचं पुस्तक आज छापखान्यात जायचं होतं. आयुष्यभर ते मनोऱ्यांवरची मोठी घड्याळं दुरुस्त करत हिंडले. हिवाळ्यात ते गेले, तेव्हा लिहून झालेलं हे पुस्तक टेबलावर होतं. काल आईला कपाटात त्यांचा एक फोटो सापडला, 'हा हवाच' म्हणाली, म्हणून सगळी पानं पुन्हा हलली. छापखान्यातल्या काकांनी निक्षून सांगितलं होतं – पाचच्या आत फाइल आली तर मशीन तुझं, नाहीतर शाळेच्या पुस्तकांचं काम लागतंय, मग पावसाळ्यानंतर बघू. आईला 'पावसाळ्यानंतर' सांगायची तिची हिंमत नव्हती.

फाइल जायला लागली. हिरवी रेघ अर्ध्यावर आली आणि फोन वाजला.

"अगं, गिझरचं बटण वरचं की खालचं?"

"वरचं, आई."

बोलणं संपलं आणि तिने पाहिलं – रेघ परत सुरुवातीला. तिच्या फोनवर कॉल आला की नेट जायचं. तिने पुन्हा फाइल लावली. पुन्हा फोन. गोळी जेवणाआधी की नंतर. हे प्रश्न पूर्वी बाबांच्या वाटणीचे होते.

"फोन घेऊ नका ना थोडा वेळ," समोरून सल्ला आला.

"आईचा आहे."

मग त्याने खिशातून राउटर काढला आणि दोघांच्या मधल्या फळीवर ठेवला.

"दुकानात मी जरा आगाऊपणा केला. घ्या, जोडा."

"पासवर्ड?"

तो कानापर्यंत लाल झाला. "लिफ्ट बंद आहे. सगळं सलग, इंग्रजी अक्षरांत."

"हा पासवर्ड आहे?"

"लिफ्ट दुरुस्त करतो मी. दिवसभर हेच वाक्य ऐकतो, विसरायचा प्रश्नच नाही."

ती हसली. खूप दिवसांनी असं आतून, न ठरवता आलेलं हसू... तिचं तिलाच नवल वाटलं. आईचा आणखी एक फोन येऊन गेला, रेघ पुढेच सरकत राहिली. तिने बाबांच्या पुस्तकाचं सांगितलं, तेव्हा त्याने फोटो पाहायला मागितला. मनोऱ्यावर, काट्याला टेकून उभे असलेले बाबा.

"घाबरत नव्हते?"

"शिडीला नाही. डॉक्टरांना घाबरायचे."

"माझंही तसंच," तो म्हणाला, आणि तेवढ्यात गाडीचा वेग कमी झाला. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, मग रेघेकडे. "माझं स्टेशन आलं. राउटर ठेवून गेलो असतो, पण... दवाखान्याची लिफ्ट आहे. कंपनीशी बोलायला मलाही तिथे हाच लागणार."

रेघ थोडीच उरली होती. इतकी थोडी, की सोडवेना.

काय झालं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. तिने उघडा लॅपटॉप ताटासारखा दोन्ही हातांवर घेतला आणि म्हणाली, "माझी बॅग घ्याल?"

प्लॅटफॉर्मवर लोक वळून बघत होते. पुढे तो, दोन खांद्यांवर दोन पिशव्या, खिशात राउटर. मागे ती, डोळे पडद्यावर.

"हळू चाला ना! तुमच्या खिशात माझे बाबा आहेत!"

तो जागच्या जागी थांबला. ती जवळजवळ त्याच्यावर आदळली. आणि तिथेच, त्याच्या शर्टाच्या बटणापासून वीतभर अंतरावर, रेघ पूर्ण झाली. पाठोपाठ छापखान्यातून निरोप आला: पानं मिळाली. मशीन लावतो.

त्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि दुसरीकडे बघत उभा राहिला, तिला डोळे पुसता यावेत म्हणून.

"झालं तुमचं काम," थोड्या वेळाने तो म्हणाला. "आता लांब उभं राहिलात तरी चालेल."

ती हलली नाही.

"पुढची गाडी संध्याकाळी आहे," तो म्हणाला. "एक सांगू? लिफ्ट सुरू झाली की पहिली फेरी आमच्या माणसानेच मारायची असते. दरवेळी एकटाच जातो मी. आज वाटतंय... सोबत असावी."

"अडकलो तर?"

"मी आहे ना. फक्त आत नेटवर्क नसतं. फोनही लागत नाही."

बाबा गेल्यापासून तिने एकदाही फोन बंद ठेवला नव्हता. तिने त्याच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं... आणि आपण होऊन आईला फोन लावला.

"आई, फाइल गेली."

"गेली ना? बरं झालं गं."

"आणि मला यायला रात्र होईल. मध्ये थोडा वेळ फोन लागणार नाही. लिफ्टमध्ये असेन. काळजी करू नकोस."

"लागला नाही तर नाही, मी शेजारी विचारीन," आई म्हणाली. मग, बाबा असताना बोलायची त्या जुन्या, खट्याळ आवाजात – "एकटीच आहेस का गं लिफ्टमध्ये?"

तो अवजारांची पिशवी उगीचच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होता.

"नाही," ती म्हणाली.