तिसरा गप्प आहे

वळणावर गाडीने दोन-तीन उचक्या दिल्या आणि नेमकी गॅरेजसमोर येऊन ती बंद पडली. ती चालवणारी बाई पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. गाडी तिच्या वडिलांची. ते जाऊन दोन वर्षं झाली, तरी सीट अजून त्यांच्याच मापाने मागे होती. ती पाठीशी उशी घेऊन चालवायची. शेजारच्या सीटवर त्यांची छत्री, टोपी, जुने नकाशे तसेच.

मेकॅनिकने इंजिन कसंबसं सुरू केलं आणि प्लगच्या वायरी एकेक करून काढून पाहिल्या. पहिली काढली, आवाज बदलला. दुसरी काढली, बदलला. तिसरी काढली... काहीच फरक नाही.

"तिसरा गप्प आहे," तो म्हणाला. "बाकीचे बिचारे त्याच्या वाटचं ओढतायत."

तिला उगाच वाटलं, हा आपल्याबद्दलच बोलतोय.

त्याने चारही प्लग फडक्यावर ओळीने मांडले. तीन कोरडे, काजळीने काळे. तिसरा तेलाने ओला. तिसऱ्या सिलेंडरच्या रिंगा झिजल्यात, तिथे ऑइल वर चढतं, असं त्याने समजावलं. आणि काजळी? गाडी रोज किती चालते, त्याने विचारलं. दोन किलोमीटर, घर ते प्रयोगशाळा. आणि सुट्टीच्या दिवशी? ती नुसतीच हसली.

नवे प्लग बसवून त्याने जुने कागदात गुंडाळून तिच्या हातात दिले. "आता सहा महिने तरी माझं तोंड बघायला नको."

खरं तर ही चांगली बातमी. पण घरी एकच कप विसळताना तिला ती तशी वाटेना. सुट्टीच्या दिवशी तू काय करतेस, हे दोन वर्षांत दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं.

दहाव्या दिवशी गाडी पुन्हा उचक्या देत गॅरेजच्या दारात आली. त्याने पहिला प्लग काढला आणि थबकला. मग उरलेले तीन काढले.

"मॅडम, तेल तिसऱ्यात चढतं. मग ओला प्लग पहिल्यात कसा?"

बारा वर्षांत पाण्याची एकही बाटली तिच्या हातून चुकीच्या खान्यात गेली नव्हती. काल मात्र वडिलांच्या पान्याने जुने प्लग परत बसवताना कुठला कितवा, हे बघायचंच राहिलं...

"नवे कुठेयत?"

तिने पर्समधून डबी काढली. कापसात चार प्लग, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. तो हसू दाबत होता, पण ते डोळ्यांतून सांडलंच.

"नुसत्या आल्या असतात, तरी चाललं असतं मला," तो हळूच म्हणाला.

"कारण... काय सांगितलं असतं?"

त्याने पाना उचलला. नवे प्लग बसवले, हात पुसले, पुन्हा पुसले. हेही काळेच होणार, म्हणाला. स्वतःची काजळी जाळायला प्लग तापावा लागतो. दोन किलोमीटरमध्ये तो तापत नाही. मोकळ्या रस्त्यावर तासभर तरी न्यायला हवी.

"एकटीला जावंसं वाटत नाही," ती म्हणाली.

"आवाज ऐकायला... तसंही कुणीतरी बरोबर लागतंच."

मग पुढचं दार उघडून तिने छत्री, टोपी, नकाशे उचलले आणि मागच्या सीटवर नीट ठेवले.

स्वतः बसल्यावर तिने पाठीमागची उशी काढली, आणि सीट पुढे ओढली.