काठावरचा माणूस

प्रिंटर घरात आला त्या दिवसापासून तपासनिसाच्या डोक्याला ताप झाला होता. लोकांच्या इमारतींमधल्या लिफ्ट तपासायच्या, मजल्याशी बोटभर जरी फरक पडला तरी शेरा मारायचा, हे त्याचं काम. त्याला बडे बडे बिल्डर वचकून असत, आणि टेबलावरचं हे खोकं मात्र जुमानत नव्हतं. यंत्र स्वस्तात मिळालं होतं, पण शाई आणि गुळगुळीत कागद आणता आणता नाकी नऊ आले. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.

"अहो, दुकानात द्या," बायको म्हणाली. "ज्याचं काम त्यानं करावं."

"एका फोटोसाठी दुकान?"

फोटो खरंच एकच हवा होता. त्याचे वडील, अण्णा, छातीच्या दुखण्यानं इस्पितळात होते आणि उशाशी ठेवायला घरच्यांचा फोटो मागत होते. मागे याच खोलीत काढलेला होता: कोचावर डाव्या टोकाला अण्णा, त्यांना चिकटून छोटी लेक, मग बायको, शेवटी त्याची ताई. काढणारा हाच, त्यामुळे हा सोडून सगळे त्यात.

पहिल्या प्रतीत अण्णांचा कान कापला गेला.

"फोटो लांबट, कागद आखूड," त्यानं निदान केलं आणि फोटो लहान करून पुन्हा छापला. या वेळी कानाबरोबर गालही गेला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको म्हणाली. तिनं परस्पर फोटो दुकानाला पाठवूनही दिला.

दुकानातल्या प्रतीत रंग झकास होते. अण्णा अर्धेच होते.

"तुम्ही पाठवलंत तेच छापलंय," गल्ल्यावरची बाई पाकीट पुढे सरकवत म्हणाली. "काठावरचा माणूस जातोच, साहेब."

त्यानं प्रतीशेजारी फोन ठेवला. फोनवर अण्णांच्या बाजूला कोचाचा हात होता, त्यामागे दिवा होता. प्रतीत दोन्ही नव्हते. उलट दुसऱ्या टोकाला, ताईच्या पलीकडे, खिडकी होती, पडद्यासकट. फोनवरचा फोटो तर ताईच्या खांद्याशीच संपत होता. त्यानं खिशातली टेप काढून दोन्ही मोजले.

"ही खिडकी कुठून आली?"

"मला काय विचारता? घर तुमचं."

तीच प्रत घेऊन तो इस्पितळात गेला. अण्णांनी ती बराच वेळ डोळ्यांजवळ धरली. "छान आलाय. हाच राहू दे."

"अहो अण्णा, तुम्ही अर्धेच आहात त्यात!"

"असू दे रे. आता पुन्हा छापू नकोस."

म्हातारपणी माणूस हट्टी होतो म्हणतात ते खोटं नाही. हा तरी कुणाचा मुलगा? घरी येऊन बसतो तोच ताईचा इस्पितळातून फोन आला. अण्णांना अतिदक्षता विभागात हलवलं होतं. डॉक्टर काही बोलत नव्हते.

त्याला रडू येत होतं, म्हणून तो प्रिंटरवर ओरडला. चारी बाजूंनी भरपूर पांढरी जागा सोडली, उरलेला कागद घातला आणि बटण दाबलं. बाहेर लख्ख दुपार होती. कागद कुरकुरत बाहेर आला.

अण्णा आले. अख्खे. दोन्ही कान, दोन्ही खांदे.

फोन वाजला. "अरे, डोळे उघडले त्यांनी!" ताई हसत होती, रडत होती. "उशीवरून नर्सशी भांडतायत!"

"मी म्हणत होतो ना!" तो बायकोला हाक मारणार होता. प्रत त्यानं उजेडात धरली.

कोचाच्या डाव्या टोकाला अण्णा नव्हते. ते एक जागा आत सरकून बसले होते.

टोकाला छोटी होती. भरपूर पांढरी जागा सोडूनही तिचा एक कान कागदात मावला नव्हता.

त्यानं फोन बघितला. फोनवर छोटी अण्णा आणि आईच्या मधोमध, दोन्ही कानांसकट हसत होती.

"बाबा," आतल्या खोलीतून आवाज आला, "मला थंडी वाजतेय."

त्याचं बोट बटणाकडे गेलं आणि तिथेच थांबलं. आता टोकाला कुणाला बसवायचं? अण्णा. बायको. ताई. तो प्रतीतला एकेक चेहरा बघत पुढे गेला, पुन्हा मागे आला, खिडकीच्या पडद्याआडही बघितलं.

तो स्वतः कुठेच नव्हता. फोटो त्यानंच काढला होता.